डॉ. हाफकिन : लस आणि लोकविश्वास

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. बालके बचावली, मात्र लसीकरणावरील विश्वासाला तडा गेला. पोलिओ लशीशी ज्यांचे नाव परळच्या संस्थेमुळे जोडले गेले, त्या डॉ. वाल्देमार हाफकिन यांनाही अशाच एका बाटलीची जबर किंमत मोजावी लागली होती.

१८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हाफकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारच्या आदेशावरून हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी स्वेच्छेने पुढे आले. घरझडत्या आणि सक्तीच्या विलगीकरणामुळे जनता संतप्त होती. अशा वातावरणात तिसरे आगाखान यांनी जाहीरपणे लस घेतली आणि त्यांच्या अनुयायांची भीती ओसरली.

१९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. वास्तविक, गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू मांडली. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. परंतु कर्तृत्वाची ऐन उमेदीतील वर्षे निघून गेली होती. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

२०१७ मध्ये आफ्रिकेतील मादागास्कर बेटावर प्लेग उसळला, तेव्हा सुमारे २,४०० रुग्ण आढळले आणि २०० हून अधिक जण दगावले. आता प्रतिजैविके हाताशी आहेत. तरीही वेळीच निदान आणि रुग्णाच्या संपर्कातील प्रत्येकाचा शोध याला पर्याय नाही. लोकांनी दार उघडले तरच हे साधते. घाटंजीपासून मादागास्करपर्यंत, साथीशी लढणाऱ्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला हा विश्वास जपावाच लागतो. हाफकिन यांनी तो स्वतःच्या दंडावर सुई टोचून मिळवला होता.