परक्या देशातील गाणे

बाबेलच्या नदीकाठी सियोनेची आठवण काढत रडणारे पाडाव लोक स्तोत्रसंहितेच्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. परक्या भूमीत गाणे कसे गावे, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच यहूदी वंशातील एका निर्वासिताने या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुंबईत दिले. त्यांचे नाव वॉल्टर कॉफमन.

१ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाड येथे त्यांचा जन्म झाला. बर्लिन व प्राग येथे त्यांचे शिक्षण झाले. डॉक्टरेटचा प्रबंध लिहून झाला होता. परंतु आपले मार्गदर्शक नात्झी युवक संघटनेचे पुढारी आहेत हे कळताच त्यांनी ती पदवी नाकारली. १९३४ साली ते मुंबईस आले.

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी प्रथम ऐकल्या, तेव्हा ते संगीत त्यांना अगदी परके वाटले. पण जे इतक्या लोकांच्या अंतःकरणाला भिडते त्यात दोष कसा असेल? दोष आपल्याच कानांत आहे, असे मानून ते शिकू लागले.

काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर पारशी मेहली मेहता आणि चेलोवर इटालियन एडिजिओ वेर्गा, असा तो मेळ होता. पुढे १९३५ साली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात गोमंतकीय ख्रिस्ती वादकही होते. १९३७ ते १९४६ या काळात कॉफमन मुंबई नभोवाणीवर पाश्चात्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची जी धून ऐकत आपल्या घरांतील पहाट उजाडत असे, ती त्यांचीच रचना मानली जाते. तंबोऱ्याच्या नादावर उमटणारे ते व्हायोलिनचे स्वर शिवरंजनी रागाचे आहेत.

१९४८ साली कॅनडातील विनिपेग शहराच्या नव्या सिम्फनी ऑर्केस्ट्राची धुरा त्यांच्याकडे आली व १९५७ पर्यंत त्यांनी ती वाहिली. त्यानंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापन करताना त्यांनी उत्तर व दक्षिण भारतातील रागांवर ग्रंथ लिहिले. ९ सप्टेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या उपासनेत इंग्रजी चालींची गीते आणि टिळकांची भजने शेजारी शेजारी नांदतात. त्यांतील एखादी चाल कधी कानाला परकी वाटली, तर गाण्यास नावे ठेवण्यापूर्वी आपण कॉफमन यांच्याप्रमाणे प्रथम आपले कान तपासावेत.