एडविन होम्स : चोराची घंटा टेलिफोनच्या तारेला जोडणारा माणूस

दार उघडलं की मोबाइलवर नोटिफिकेशन येतं, याचं आज कुणाला नवल वाटत नाही. पण घराची सुरक्षा आणि फोन यांची जोडी जवळपास दीडशे वर्षं जुनी आहे. ती जमवणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

सुई-दोऱ्याचा व्यापारी

एडविन होम्स यांचा जन्म १८२० चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. बोस्टनमध्ये ते शिवणकामाचं किरकोळ सामान विकायचे. विजेवरच्या अलार्मचा शोध त्यांचा नाही, तो ऑगस्टस पोप यांचा. पोप यांना त्याचं पेटंट १८५३ मध्ये मिळालं. युक्ती साधी होती : दार किंवा खिडकी उघडली की सर्किट जोडलं जायचं आणि घंटा वाजायची. चोराने दार परत लावलं तरी घंटा थांबत नसे!

होम्स यांनी १८५७ मध्ये हे हक्क विकत घेतले. पण बोस्टनमध्ये धंदा फारसा चालेना. मग १८५९ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. मोठं शहर, चोऱ्याही जास्त, म्हणजे गिऱ्हाईकही जास्त, असा सरळ हिशोब!

घंटा ऐकणार कोण?

घरात घंटा वाजली, पण घरी कुणीच नसेल तर? होम्स यांनी यावर उपाय काढला. घराघरांतून, दुकानांतून तारा थेट आपल्या ऑफिसात आणल्या आणि तिथे माणसं बसवली. इशारा आला की माणूस निघायचा. आजचं ‘सेंट्रल मॉनिटरिंग’ ते हेच.

दिवसा फोन, रात्री अलार्म

ग्रॅहम बेल यांना १८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट मिळालं. पण फोन जोडायला शहरात तारा कुठे होत्या? होम्सकडे होत्या! बोस्टनचं काम त्यांचा मुलगा एडविन टी. होम्स पाहत होता. मे १८७७ मध्ये त्याने वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या ऑफिसात अलार्मच्या तारांवरच काही बँकांचे फोन जोडले. दिवसा त्या तारेवर बोलणं, रात्री राखण. टेलिफोन एक्स्चेंजची ही अगदी पहिली पावलं होती.

१८७८ मध्ये थोरले होम्स न्यूयॉर्कच्या बेल टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष झाले. पुढे त्यांनी आपला हिस्सा विकला, पण अलार्मसाठी कंपनीच्या तारा वापरण्याचा हक्क सोडला नाही. तार हातची गेली तर घंटा मुकी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९०१ मध्ये ते वारले. १९०५ मध्ये त्यांची कंपनी एटी अँड टीने घेतली.

आता तुमच्या घरचं बघा

जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच साधारण ४८ व्होल्ट वीज यायची, त्यामुळे घरची लाइट गेली तरी फोन चालू. इंटरनेटवरचा फोन मात्र राउटर आणि फायबरच्या डब्यावर चालतो. लाइट गेली की दोन्ही बंद, आणि त्यांच्या भरवशावरचा अलार्मही गप्प. शिवाय जुने अलार्म पॅनेल ठरावीक टोन वाजवून इशारा पाठवतात. इंटरनेटवर आवाज दाबून लहान केला जातो, त्यात हे टोन बिघडू शकतात.

म्हणून लँडलाइन काढून इंटरनेट फोन घेताना एवढं नक्की करा :

१. राउटर, फायबरचा डबा आणि अलार्म पॅनेल, तिघांनाही बॅटरी बॅकअप द्या.

२. सिमकार्डवर चालणारा दुसरा मार्ग असलेलं पॅनेल घ्या. इंटरनेट गेलं तरी इशारा पोहोचतो.

३. मॉनिटरिंगवाल्यांना आधी कळवा, मग मेन स्विच बंद करून टेस्ट घ्या. इशारा खरंच पोहोचला का, ते त्यांनाच विचारा.

होम्स यांनी तारेच्या दुसऱ्या टोकाला जागा माणूस बसवला होता. तुमचा इशारा तिथपर्यंत पोहोचतो का? आज एकदा तपासाच, आणि ही माहिती घरच्या ग्रुपवरही टाका.