सरफोजी महाराज : हातातले आणि हाताबाहेरचे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी थोर पुरुषाचे चरित्र लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप रायगडाकडे वळते. परंतु आपण सारे घरापासून दूर, कावेरीच्या मुलखात राहणारी माणसे. तेव्हा आपल्याप्रमाणेच दूरदेशी वाढलेल्या एका मराठी राजाची आठवण या प्रसंगी करावी, असे आम्हांस वाटते. तो राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज. तमिळ लोक त्यांना सरभोजी म्हणतात.

नोकरीनिमित्त आमचे काही काळ पापनाशम् येथे वास्तव्य झाले. कुंभकोणम् आणि तंजावर यांच्या दरम्यान, कावेरीच्या फाट्यांनी भिजलेले हे भातशेतीचे गाव. नायक राजांच्या काळातले विटांचे प्रचंड धान्यकोठार तेथे अजून उभे आहे. आगगाडीने एका बाजूस गेले की तंजावर, जेथे सरफोजी राज्य करीत होते. आणि दुसऱ्या बाजूस कुंभकोणम् ओलांडले की तिरुविडैमरुदूर, जेथे त्यांना बालपणी छळणारे अमरसिंह पदच्युत होऊन राहिले. एका माणसाच्या आयुष्याची दोन टोके अशी आमच्या दोन हातांना होती. त्यामुळे हे चरित्र आमच्या मनात घर करून राहिले.

इ. स. १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली. त्या वंशातील तुळजाजी महाराजांची मुले त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. शेवटी, १७८७ च्या आरंभी, भोसले कुळाच्या एका दूरच्या शाखेतील मुलगा त्यांनी दत्तक घेतला. हेच सरफोजी. त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा, म्हणजे दत्तविधानाच्या वेळी त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. घर बदलले, आईबाप बदलले आणि काही दिवसांतच नवे वडीलही निवर्तले. जाण्यापूर्वी तुळजाजींनी हा मुलगा ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाती सोपविण्याची इच्छा प्रकट केली होती. श्वार्ट्झ यांनी एवढा भार एकट्याने घेण्यास नकार दिला आणि राजाचे बंधू अमरसिंह यांनी पालक म्हणून कारभार पाहावा, असे सुचविले.

पुढे जे घडले ते अनेक घराण्यांत घडले आहे. पालक होता तो मालक झाला. दत्तविधान शास्त्रशुद्ध नाही असा पंडितांचा निर्णय पुढे आला, कंपनी सरकारने तो मान्य केला आणि अमरसिंह गादीवर बसले. मुलाची रवानगी वाड्याच्या अशा भागात झाली, जेथे दिवसाचा उजेडही धड पोहोचत नव्हता. शिकविण्यास कोणी नाही, खेळण्यास सोबती नाही, आणि आपले पुढे काय होणार हे सांगणाराही कोणी नाही. श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या अधिकाऱ्यांकडे तक्रारींवर तक्रारी केल्या. तेव्हा कोठे मुलाभोवती कंपनीचा पहारा बसला आणि १७९३ साली सरफोजी व तुळजाजींच्या राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. दत्तकाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे गेला, या वेळी निर्णय उलटा आला, आणि जून १७९८ मध्ये विसाव्या वर्षी सरफोजी गादीवर बसले. ज्यांनी हे सारे घडवून आणले ते श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. नवव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत या मुलाच्या आयुष्यातली एकही मोठी गोष्ट त्याला विचारून झाली नाही. ज्याला दत्तक दिले, कोंडले, सोडविले, दूर नेले आणि परत आणून सिंहासनावर बसविले, त्याच्या मनात स्वतःच्या कर्तृत्वाविषयी कसली कल्पना रुजावी? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्यूलियन रॉटर यांनी १९६६ साली या विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. काही माणसांना आपल्या आयुष्याचे सुकाणू आपल्याच हाती आहे असे वाटते, तर काहींना ते नशिबाच्या अथवा इतरांच्या हाती आहे असे वाटते, आणि ही धारणा अनुभवातून घडते, असा त्यांचा विचार होता. आपल्याकडे दैव आणि पुरुषकार यांचा वाद याहून कितीतरी जुना आहे. या हिशेबाने सरफोजींनी जन्मभर दैवाला बोल लावीत बसावयास हवे होते.

त्यात नियतीने आणखी एक फटका दिला. राज्यारोहणाला दीड वर्षही झाले नव्हते, तोच २५ ऑक्टोबर १७९९ रोजी कंपनीशी तह झाला. मुलखाचा सारा कारभार इंग्रजांकडे गेला. सरफोजींकडे उरला तंजावरचा किल्ला, थोडा भोवताल, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. ज्यांनी गादी दिली त्यांनीच तिच्याखालची जमीन काढून घेतली.

अशा अवस्थेत अनेक संस्थानिक नाच-तमाशात आणि कर्जात बुडाले. सरफोजींनी वेगळी वाट धरली. जे गेले त्याचा शोक न करता जे उरले त्याची त्यांनी मोजदाद केली. १८०१ साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटाला एक लांबलचक पत्र लिहिले. मागणी सैन्याची नव्हती, मुलखाची नव्हती. रामेश्वरच्या वाटेवरील, आपल्या पूर्वजांनी बांधलेली छत्रे आपल्याकडे राहू द्यावीत, एवढेच मागणे होते. त्या छत्रांतून वाटसरूंना अन्न मिळते, आजाऱ्यांना औषध मिळते, बाळंतिणींची सोय होते, अनाथ मुलांचे संगोपन व शिक्षण होते, हे त्यांनी तपशीलवार मांडले. अनाथ मुलांविषयीचा तो मजकूर वाचताना अंधाऱ्या खोलीतला मुलगा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. छत्रे त्यांच्याकडे राहिली, आणि ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ हिच्या नावाने त्यांनी एका मोठ्या छत्राची भर घातली.

मग एकामागून एक कामे उभी राहिली. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला गेला. तो प्रचंड शिलालेख आजही वाचता येतो. दत्तकपणाच्या वादात ज्याचे बालपण होरपळले, त्याने आपली वंशावळ दगडावर लिहवून घ्यावी, यातला अर्थ उघड आहे. १८०५ साली राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू झाला आणि इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने तेथे छापले गेले. मराठीत छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते, आणि ते पुस्तक मुलांसाठी होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्याला कोणी शिकविले नाही त्याने शाळा काढल्या. धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा होऊ लागली. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून आजाराच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या ग्रंथसंग्रहाला त्यांनी जे वैभव दिले, त्यामुळेच सरस्वती महाल ग्रंथालयाचे नाव आज त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. १८२० साली ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले, तेथूनही पोथ्या घेऊन परतले. १८२६ साली बिशप हेबर त्यांना भेटले, तेव्हा लव्हाझिए आणि लिनिअस यांच्या शास्त्राविषयी हा राजा जाणकारीने बोलतो हे पाहून ते चकित झाले.

येथे सावधपणे बोलावयास हवे. दुःखाने माणूस घडतो असे आपण सहज म्हणून जातो. परंतु अंधारी खोली कोणालाही विद्वान करीत नाही. सरफोजींच्या बालपणात खोलीबरोबर आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे दिलेला शब्द पाळणारे एक वडीलधारे माणूस. मुलाची स्थिती सुधारण्याचा आग्रह श्वार्ट्झ यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आपल्यासाठी कोणी बोलते आणि त्या बोलण्याने दार उघडते, हा अनुभव त्या मुलाला मिळाला. प्रयत्नाला फळ येते, ही श्रद्धा तेथे रुजली असावी. धर्माने सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. परंतु श्वार्ट्झ यांचे ऋण त्यांनी विसरले नाही. फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतलेले संगमरवरी स्मारक तंजावरच्या चर्चमध्ये आहे. त्यात मृत्युशय्येवरील गुरूजवळ उभा असलेला हा राजा दिसतो.

त्यांच्या मर्यादाही झाकून ठेवण्याचे कारण नाही. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ त्यांनी समुद्रकाठी मनोरा नावाचा बुरूज उभारला. स्वतःचे राज्य घेणाऱ्यांच्या विजयाचे हे स्मारक पाहताना मराठी मनाला बोचते. परंतु राजकीय सत्तेचे दार आपल्यासाठी बंद आहे हे त्यांनी ओळखले होते, आणि बंद दारावर डोके आपटण्यापेक्षा उघड्या दारांतून ते गेले. ७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ साली पुत्रसंतानावाचून वारले आणि गादी खालसा झाली. पोथ्या मात्र कोणी खालसा करू शकले नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची नोकरी बदलीची. हुकूम येतो आणि मुलांची शाळा, भाषा, मित्र सारे एका महिन्यात बदलते; त्यांना कोणी विचारीत नाही. आमच्याही मुलांनी हे सोसले आहे. बदल्या थांबविणे आपल्या हाती नाही. पण नव्या गावी पुस्तके कोठे मांडावयाची, कोणती भाषा आधी शिकावयाची, अंगणात कोणते झाड लावावयाचे, एवढे तरी मुलांना ठरवू द्यावे, आणि त्यांना दिलेला लहानसा शब्दही पाळावा. हे मंडळ पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी स्थापिले, त्यांनाही हे गाव स्वतः निवडता आले नव्हते. परक्या गावात मराठी पुस्तकांचे एक कपाट ठेवणे मात्र त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले. त्या कपाटाच्या किल्ल्या आता आपल्या मुलांच्या हाती द्यावयाच्या आहेत.