विश्लेषण : स्पेलचेकच्या आधी मराठीचं शुद्धलेखन कोण तपासायचं? वाचा मेजर कँडींची गोष्ट

आकुर्डीतल्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १ मे रोजी ‘महाराष्ट्र दीनाच्या शुभेच्छा’ असा मेसेज पडला, तर फोनमधला स्पेलचेक गप्प बसू शकतो. कारण ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, असहाय. दोन्ही शब्द कोशात आहेत. शब्द बरोबर, अर्थ मात्र भलताच.

फोन येण्याच्या दीडशे वर्षांहून अधिक आधी मराठी मजकूर तपासण्याचं काम एक माणूस करत होता. विशेष म्हणजे मराठी ही त्याची मातृभाषा नव्हती.

कोण होते मेजर कँडी?

थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात नोकरी करण्यासाठी ते भारतात आले आणि इथे मराठीत रमले. मोल्सवर्थ यांच्या १८३१ मधल्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशासाठी थॉमस आणि त्यांचे जुळे भाऊ जॉर्ज या दोघांनी मदत केली. पुढे मोल्सवर्थ आजारपणामुळे मायदेशी परतले. इंग्रजी-मराठी कोशाचं अर्धवट राहिलेलं काम थॉमस यांनी पूर्ण केलं आणि तो कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आकुर्डीहून लोकलने शिवाजीनगरला उतरून शनिवारवाड्याच्या पुढे गेलं की विश्रामबागवाडा लागतो. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. १८३७ मध्ये तिची देखरेख कँडींकडे आली.

तेव्हा शुद्धलेखनाचे नियम नव्हते का?

रोजचा व्यवहार मोडी लिपीत चालायचा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. शब्द सलग लिहिले जात आणि विरामचिन्हंही नसत. पत्र वाचणाऱ्याला संदर्भ माहीत असल्याने काम अडत नसे.

छापखाने आणि सरकारी शाळा आल्यावर चित्र बदललं. पुस्तकं बाळबोध, म्हणजे देवनागरी लिपीत छापली जाऊ लागली. एकच पुस्तक अनेक गावांतली मुलं वाचणार, तर शब्द एकाच पद्धतीने लिहायला हवा. वेलांटी पहिली की दुसरी, हा प्रश्न तेव्हा खऱ्या अर्थाने महत्त्वाचा झाला.

कँडी नेमकं काय करायचे?

शाळेची पुस्तकं आणि सरकारी भाषांतरं त्यांच्या नजरेखालून जात. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह रुळवण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही त्यांची पुस्तिका १८५० मधली.

पण हे काम त्यांनी एकट्याने केलं नाही. ‘नवनीत’ हा काव्यसंग्रह संपादित करणारे परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्यासारखे विद्वान त्यांच्यासोबत होते.

मग टीका का झाली?

तपासणारा एकच असला की त्याची आवड हाच नियम होण्याचा धोका असतो. कँडींच्या दुरुस्त्यांमुळे लेखन नीटनेटकं झालं, पण वाक्यांना इंग्रजी वळण लागलं, असा आक्षेप घेतला गेला. १८७७ मध्ये महाबळेश्वर इथे त्यांचं निधन झालं. वाद मात्र नंतरही सुरू राहिला. अखेर १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या १४ नियमांना राज्य सरकारने मान्यता दिली. १९७२ मध्ये त्यात आणखी ४ नियमांची भर पडली.

फोनचा स्पेलचेक कुठे अडतो?

साधा स्पेलचेक टाइप केलेला शब्द यादीशी जुळवून पाहतो. मराठीत एकाच नामाला प्रत्यय लागून अनेक रूपं तयार होतात. ‘फूल’चं ‘फुलाला’ होतं, ‘गरीब’चं ‘गरिबाला’. पण संस्कृतमधून जसाच्या तसा आलेला ‘शरीर’ शब्द ‘शरीराला’ असाच राहतो. सगळी रूपं यादीत नसतील, तर बरोबर शब्दाखालीही लाल रेघ येते. चार वेळा अशी रेघ आली की लिहिणारा स्वतःवरच शंका घेतो आणि फोन सुचवेल तो शब्द स्वीकारतो.

कँडींच्या दुरुस्तीवर निदान वाद तरी घालता येत होता, कारण समोर माणूस होता. फोनने परस्पर बदललेला शब्द अनेकदा लक्षातही येत नाही आणि अर्ज किंवा बायोडेटा तसाच पुढे जातो.

त्यामुळे लाल रेघ दिसली तर कोश उघडून शब्द पाहावा. आणि रेघ दिसली नाही, तरी पाठवण्याआधी मजकूर एकदा स्वतः वाचावा. ‘दिन’ हवा होता की ‘दीन’, हे ठाऊक असतं ते फक्त लिहिणाऱ्याला.