मलिक अंबर : आपल्या गावचा पहिला इंजिनिअर

मित्रांनो, आपल्या शहराची नावं बदलत गेली. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पण १६१० मध्ये ज्याने खडकी या खेड्याचं शहर केलं, तो माणूस होस्टेलच्या गप्पांत कधीच येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मलिक अंबर १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला. लहानपणीचं नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे हात बदलत थेट अहमदनगरला पोचला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहून कारभार शिकला. मालक वारल्यावर मोकळा झाला, विजापूरची चाकरी केली आणि पुन्हा नगरकडे वळला.

१६०० मध्ये मुघलांनी नगरचा किल्ला घेतला. राज्य बुडालं असंच सगळ्यांनी धरलं. आपल्या भाषेत सांगायचं तर स्ट्रक्चर कोसळलं होतं. अंबरने मात्र कोणते खांब शाबूत आहेत ते पाहिलं. परांड्याला दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवलं, मराठा सरदार जोडले, जमिनीची पाहणी करून धारा ठरवला. १६१६ मध्ये मुघलांनी खडकी उद्ध्वस्त केली, तरी गडी खचला नाही. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही या दोघांच्या फौजांना हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर इतका चिडला होता, की अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र त्याने काढून घेतलं! प्रत्यक्षात ते कधी जमलं नाही.

पण मला अंबर आवडतो तो नहरीसाठी. हर्सूलकडच्या डोंगराचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर त्याने शहरात आणलं. वाटेत साफसफाईसाठी उभी भोकं ठेवली. पंप नाही, वीज नाही. आज जायकवाडीचं पाणी आपल्याला पंपांनी वर चढवावं लागतं, तेव्हा त्या उताराची किंमत कळते. ही नहर शतकानुशतकं चालली. ती बिघडली ती वरची बांधकामं आणि खोदकामं यांनी.

हीच गोष्ट खाम नदीवरच्या जुन्या पुलांची. मकाई, बारापुल्ला आणि महमूद दरवाजांजवळचे हे दगडी कमानींचे पूल. हे दरवाजे अंबरचे नव्हेत, औरंगजेबाच्या काळातल्या तटबंदीचे. बैलगाड्यांच्या जमान्यातल्या या पुलांवरून पुढे बस आणि ट्रकही गेले.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी बस गेल्या. अशा वेळी कुणीही म्हणेल, जुने पूल पाडून टाका. मला हे पटत नाही. कमानीत भार दाबानेच खाली जातो, गंजायला सळई नसते. तिचे शत्रू वेगळे. पायाखालची माती पुराने खरवडली जाणं, सांध्यात शिरलेली पिंपळाची मुळं, भरावात मुरलेलं पाणी आणि बेसुमार वजन. म्हणजे जड वाहनांना शेजारी नवा पूल द्यावा, जुना पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना ठेवावा. दर पावसाळ्यानंतर पाया तपासावा, मुळं काढावीत, सांधे चुन्याने भरावेत. सिमेंट फासलं की पाणी आतच कोंडतं आणि दगड झिजतो. शिवाय पाडला की दगड वाया आणि नवं सिमेंट जाळायचं ते वेगळंच.

अंबर १६२६ मध्ये वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. पुढच्या दहा वर्षांत, १६३६ मध्ये, निजामशाही संपली, कारण तो टेकू काढल्यावर देखभाल करणारं तसं कुणी उरलं नाही. नहर मात्र चालत राहिली, कारण ती साफ करायची सोय अंबरने बांधतानाच करून ठेवली होती.

तेव्हा फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनो, इंटरनेटवरून कॉपी मारण्याआधी एक रविवार टेप आणि वही घेऊन खाम नदीवर जा. कमानी मोजा, भेगा टिपा, मुळं कुठे शिरलीत ते पाहा. पहिल्या इंजिनिअरच्या गावात शिकतो, एवढं तर केलंच पाहिजे!