रूमी खान

मुहम्मद बिन हुसेन रूमी ऊर्फ रूमी खान हा सोळाव्या शतकातील अहमदनगरच्या निजामशाहीचा तोफा ओतणारा कारागीर होता. तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखाना चालवणारा रूमी खानही तोच मानला जातो. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडील. ही उपाधी असल्याने गुजरातच्या बहादूरशाहाकडील त्याच नावाच्या सरदाराशी त्याची गल्लत करू नये.

पहिल्या बुरहान निजामशाहाच्या काळात, इ.स. १५४९ मध्ये, त्याने अहमदनगरात मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली. चार भाग तांबे व एक भाग कथील अशा मिश्रधातूच्या या तोफेचे वजन सुमारे ५५ टन आहे. तोफेच्या तोंडाला हत्ती जबड्यात धरलेल्या सिंहाचा आकार दिलेला आहे.

२३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोट येथे त्याच्याकडे लहानमोठ्या ६०० तोफा होत्या. त्या साखळदंडांनी जखडून तीन रांगांत मांडल्या होत्या. जड तोफा सर्वांत पुढे. विजयनगरचे सैन्य अगदी जवळ येताच त्याने गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून बार काढले. गोळा लांबवर जातो, पण एकाच रेषेत माणसे पाडतो. थैली मात्र नळीबाहेर पडताच फाटून नाणी छर्ऱ्यांसारखी पसरतात. या माऱ्यात पाच हजार माणसे पडल्याचे फेरिश्ता लिहितो. हा आकडा जपूनच घ्यावा. त्यानंतर लवकरच रामराय पकडला जाऊन मारला गेला.

मलिक-ए-मैदान पुढे परांड्याला गेली. १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती तेथून विजापूरला नेली. इंग्रजी अमदानीत, १८५४ साली, लिलावात तिला अवघी १५० रुपयांची बोली आली होती; तो व्यवहार पुढे रद्द झाला. सध्या ती शेरझा बुरुजावर आहे.