सय्यद सईद : दोन किनाऱ्यांचा एकच बाजार

लवंगेचे झाड पिएर पोआव्र यांच्या खटपटीने १७७० साली आपल्या बेटावर आले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पुढे आपल्या या बाजूच्या बेटांवरूनच ते झांजिबारला पोहोचले आणि तेथे त्याने ओमानच्या एका राजाचे भाग्य उजळले. तो राजा म्हणजे सय्यद सईद बिन सुलतान. शेजारी देशांनी एक जकात ठेवावी, एक नाणे चालवावे अशी चर्चा निघाली की आम्हांला त्यांची आठवण होते.

सईद यांचा जन्म १७९१ च्या सुमाराचा. १८०४ साली वडील समुद्रावरील चकमकीत मारले गेले. मोझा नावाच्या करारी आत्याने त्यांना सांभाळले. १८०६ मध्ये, वय पंधराच्या आसपास असताना, त्यांनी सत्ता बळकावू पाहणाऱ्या बद्र या नातलगाला ठार केले आणि राज्य हाती घेतले. ते पुढे पन्नास वर्षे टिकले.

मस्कतची भूमी खडकाळ. खजूर, मासळी आणि बंदर, एवढीच तिची कमाई. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र हस्तिदंत होते, कोपल डिंक होता, पाऊस होता. सईद १८२८ साली प्रथम झांजिबारला गेले आणि हळूहळू त्यांचा मुक्काम तिकडेच वाढला. त्यांनी बागाईतदारांना नारळाच्या प्रत्येक झाडामागे लवंगेची तीन झाडे लावायला लावली. मोसमी वाऱ्यांवर गलबते ये-जा करीत आणि दोन्ही किनारे एकमेकांची गरज भागवीत.

त्यांची खरी हुशारी जकातीत दिसते. अमेरिकेशी १८३३, इंग्रजांशी १८३९ आणि फ्रेंचांशी १८४४ साली त्यांनी करार केले. उतरलेल्या मालावर शेकडा पाच जकात, त्यापलीकडे बंदरपट्टी नाही की परवाना-फी नाही. व्यापाऱ्याला आपला खर्च आधीच कळू लागला. टांगाजवळून किल्व्यापर्यंतच्या किनाऱ्यावरचा हस्तिदंत आणि कोपल मात्र त्यांनी आपल्याच लोकांसाठी राखून ठेवला. बाहेरच्यांना सर्वत्र एकच दर आणि घरच्यांना थोडी सवलत, ही आजच्या सीमाशुल्क संघातली कल्पना त्यांना पुस्तकाविनाच सुचली होती!

पण ही जकात सरकारी कारकून गोळा करीत नसत. तिचा मक्ता दिलेला असे. झांजिबारला तो कच्छातील मुंद्र्याच्या भाटिया घराण्यातले जयराम शिवजी यांच्याकडे होता. ठरलेली रक्कम राजाला द्यायची आणि वरचा नफा आपला. राजाला पैसा लागला की तो याच पेढीवरून उचल घेई. नाणेही त्यांचे स्वतःचे नव्हते. मस्कतपासून झांजिबारपर्यंत मुख्यतः ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाच्या चेहऱ्याचा चांदीचा डॉलर चाले. ती वारल्यानंतरही त्यावर १७८० हेच साल छापत. किरकोळ व्यवहाराला हिंदुस्थानातून तांब्याचे पैसे येत. एक बाजार उभा राहिला, पण त्याचे नाणे आणि वसुली दोन्ही दुसऱ्यांच्या हाती.

या वैभवाची काळी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. लवंगेच्या बागा गुलामांच्या घामावर उभ्या होत्या. १८२२ साली आपले गव्हर्नर फार्कुहार यांच्या खटपटीने कॅप्टन मोर्सबी मस्कतला गेले आणि ख्रिस्ती लोकांना गुलाम विकण्यावर सईद यांनी बंदी मान्य केली. मग तीच माणसे झांजिबारच्या बागांत राबवली गेली. आपल्याकडे १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी मजूर हिंदुस्थानातून आले. आपले कोकणातले पूर्वज मुंबईला जहाजात चढले, त्यामागे हीही गोष्ट आहे.

मुंबईच्या गोदीशी सईद यांचा चांगला घरोबा होता. तेथे बांधलेली 'लिव्हरपूल' ही युद्धनौका त्यांनी १८३६ साली इंग्लंडच्या राजाला नजर केली. तेथलीच 'सुलताना' १८४० मध्ये न्यूयॉर्कला माल घेऊन गेली.

१९ ऑक्टोबर १८५६ रोजी मस्कतहून झांजिबारला परतताना, त्या वेळी आपल्याच बेटाच्या कारभाराखाली असलेल्या सेशेल्सजवळ, जहाजावर त्यांना मृत्यू आला. पाठोपाठ सारे उसवले. मस्कत थुवैनीकडे, झांजिबार माजिदकडे. दोघे भाऊ हातघाईवर आले. १८६१ साली लॉर्ड कॅनिंग यांनी निवाडा दिला : राज्ये वेगळी, पण श्रीमंत झांजिबारने गरीब मस्कतला दरसाल ४०,००० क्राउन द्यावेत, कारण वारशाचे दोन हिस्से सारखे नव्हते. बाप असेपर्यंत एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणारा पैसा आता करार करून मागावा लागला. पुढे झांजिबारने हात आखडला आणि ही रक्कम हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतून जाऊ लागली!

ओमानात पुढे हिंदी रुपया दीर्घकाळ चालला. १९६६ साली दिल्लीने रुपयाचे मोल घटवले, तेव्हा त्याची झळ आखातालाही लागली. १९७० मध्ये ओमानने स्वतःचा रियाल काढला. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांनी २००३ पासून बाहेरच्या मालावर सामाईक जकात लावली, तीही शेकडा पाचच. सामाईक नाण्याची वेळ आली तेव्हा मात्र २००६ साली ओमानने सर्वांत आधी नकार कळवला. आपली तिजोरी आणि कर्जाचा हिशेब दुसऱ्यांच्या मापात बसवणे त्यांना मानवले नाही. ते नाणे अजून निघालेले नाही. मस्कतच्या बाजारात आजही ओमानचाच रियाल चालतो.